एक दिवसाचं: पिल्लू, चीक आणि शिळा भात

आम्ही दिव्याच्या बाया बोलतोय. ठाणे आणि डोंबिवलीच्या मधलं आमचं दिवा जंक्शन तुम्ही गाडीतून पाहिलं असेल. कोकणात जाणारी सावंतवाडीची गाडी इथूनच सुटते. आमच्यातल्या काही जणी इथल्याच, दातिवली, आगासन, बेतवड्याच्या आगरी-कोळी घरांतल्या. काही जणी रत्नागिरी-सिंधुदुर्गातून लग्न होऊन इथल्या चाळीत आलेल्या. कुणाकडे अजून थोडी भातशेती आहे, कुणाकडे परसात कोंबड्या आहेत, कुणी डबे करते, कुणी मासळी विकते. आज आम्ही एकाच शब्दावर बोलणार आहोत. तो शब्द म्हणजे "एक दिवसाचं".

तुम्ही म्हणाल, यात बोलण्यासारखं काय आहे? एक दिवस म्हणजे एक दिवस. पण जरा ऐका. कोंबडीचं पिल्लू एक दिवसाचं असलं की आपण पैसे मोजून ते आणतो. भात एक दिवसाचा झाला की त्याला शिळा म्हणून बाजूला सारतो. गाईचा चीक पहिल्या दिवसाचा असला की शेजारणी वाटी घेऊन येतात. मासळी एक दिवसाची झाली की भाव पडतो. दिवस तोच, चोवीस तासांचा. पण तो कुठे जीव वाचवतो, कुठे पोट बिघडवतो, आणि कुठे नुसताच भाव कमी-जास्त करतो. म्हणून आम्ही गटाच्या बैठकीत ठरवलं की हा शब्द जरा उलगडून बघू. दिवस कधीपासून मोजायचा, तो कोण मोजतं, आणि त्या एका दिवसात नेमकं काय होतं.

सुरुवात पिल्लापासून करू. सरकारी योजनेच्या कागदावर "एकदिवसीय पिल्ले" असा शब्द असतो. पशुसंवर्धन खात्याच्या योजनेत बायकांना कधी शंभर एकदिवसीय पिल्लांचा गट मिळतो, कधी आठ-दहा आठवड्यांच्या तलंगांचा, म्हणजे पंचवीस माद्या आणि तीन नर असा गट. यातलं काय घ्यायचं हे नावावरून ठरवू नका. तलंग महाग वाटते, पण तिने सगळ्यात नाजूक दिवस दुसऱ्याच्या घरी काढलेले असतात. पिल्लू स्वस्त वाटतं, पण ते नाजूक दिवस तुम्हाला स्वतःच्या घरी काढायचे असतात. पिल्लाची किंमत म्हणजे नुसते त्याचे रुपये नव्हेत. पहिल्या आठवड्यातली तुमची झोप त्यात धरायची.

आता हे एक दिवसाचं पिल्लू पेटीत बसून पुण्याहून किंवा आणखी लांबून उपाशीपोटी आपल्या दारापर्यंत येतं तरी कसं? अंडं एकवीस दिवस उबतं. बाहेर येण्याच्या अगदी आधी पिल्लू अंड्यातला उरलेला पिवळा बलक आपल्या पोटात ओढून घेतं. तीच त्याची शिदोरी. त्या शिदोरीवर ते दोन-तीन दिवस, म्हणजे बहात्तर तासांपर्यंत तग धरू शकतं. खुडूक कोंबडीखाली सगळी पिल्लं एकाच वेळी फुटत नाहीत. पहिलं आज फुटतं, शेवटचं उद्या. तोवर आई उठत नाही आणि आधी आलेलं पिल्लूही उपाशी मरत नाही. निसर्गाने ही सोय आईच्या बसण्यासाठी केली. माणसाने तिच्यावर अख्खा धंदा उभा केला. अमेरिकेत १९१८ सालापासून टपालखातं अशी पिल्लं पेटीतून पोचवायला लागलं. आपल्याकडेही शंभर पिल्लांची भोकाभोकांची पुठ्ठ्याची पेटी असते, आत चार खण, प्रत्येकात पंचवीस.

पण मैत्रिणींनो, तग धरणं वेगळं आणि बरं असणं वेगळं. बहात्तर तास चालतं म्हणजे बहात्तर तास उपाशी ठेवावं असं नाही. दाणा-पाणी जितकं लवकर, तितकं पिल्लू पुढे भक्कम. म्हणून पेटी हातात घेताना "कोणत्या तारखेची?" एवढंच विचारू नका. विचारा, "अंड्यातून कधी निघाली? गाडीत किती तास होती? मॅरेक्सची लस टोचली का?" मॅरेक्सची लस उबवणी केंद्रातच, पहिल्याच दिवशी टोचायची असते. ती घरी आणल्यावर देऊन भागत नाही. पुढच्या लसी आपल्या हातात असतात. पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात थेंब टाकून मानमोडीची, म्हणजे राणीखेतची लासोटा, चौदाव्या दिवसाच्या आसपास गंबोरोची. तारखा भिंतीवर लिहून ठेवा आणि आपल्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून पक्क्या करा.

पिल्लं येणार त्याच्या आदल्या दिवशी जागा तयार हवी. आमच्याकडे गिरणीतून भाताचं तूस मिळतं. ते दोन-तीन इंच जाड पसरायचं, वर पहिले दोन-तीन दिवस वर्तमानपत्र. भोवती पुठ्ठ्याचं किंवा पत्र्याचं गोल कडं. ते गोलच करायचं, चौकोनी नाही. कोपरा असला की थंडीने पिल्लं कोपऱ्यात एकमेकांवर चढतात आणि खालची गुदमरून मरतात. सकाळी उठून बघावं तर वीस-पंचवीस पिल्लं चेपलेली. रोग नाही, विष नाही, नुसता कोपरा.

उबेसाठी जुना पिवळा बल्ब लागतो, कारण एलईडी उजेड देतो, ऊब देत नाही. दर पिल्लामागे दोन वॅट धरा. शंभर पिल्लांना दोनशे वॅट झाले. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर साधारण ३५ अंश सेल्सिअस, म्हणजे ९५ अंश फॅरेनहाइट ऊब हवी. पुढे दर आठवड्याला पाच-पाच अंश फॅरेनहाइट कमी करत जायचं. घरात तापमापक नसला तरी चालेल, पिल्लंच सांगतात. सगळी बल्बखाली गोळा झाली आणि चिवचिवाट करतायत, म्हणजे गारठली. सगळी कड्याला चिकटली आणि चोच उघडून धापा टाकतायत, म्हणजे उकडतंय. एकाच बाजूला गेली, म्हणजे दुसरीकडून वारा येतोय. सगळीकडे पसरून खातायत, पितायत, झोपतायत, तर तुम्हीही झोपा.

आमच्याकडे वीज जाते, तुमच्याकडेही जात असेल. शेगडी पेटवायची वेळ आली तर निखारे बाहेर चांगले फुलवून, धूर संपल्यावरच शेगडी आत न्या आणि खिडकी उघडी ठेवा. बंद खोलीत कोळशाचा वायू पिल्लांना मारतो आणि राखणीला झोपलेल्या बाईलाही मारतो. हे दोनदा सांगण्यासारखं आहे. बंद खोलीत शेगडी नको.

आल्या आल्या आधी पाणी. उथळ भांड्यात, थोडा गूळ घालून. दोन-चार पिल्लांच्या चोची पाण्याला लावून द्या, बाकीची बघून शिकतात. मग कागदावर मक्याचा बारीक भरडा पसरा. संध्याकाळी चार-पाच पिल्लं हातात घेऊन गळ्याखालची पिशवी बोटाने चाचपून बघा. मऊ, मळलेल्या कणकेसारखी लागली तर पिल्लाने खाल्लंय आणि प्यालंयही. टणक लागली तर खाल्लंय पण पाणी मिळालेलं नाही. रिकामी लागली तर त्याला दाण्याची वाट सापडलेली नाही. हे काम पाच मिनिटांचं आहे. पिल्लू जगणार की नाही हे पुष्कळदा या पहिल्या रात्री ठरतं.

जाता जाता त्या रंगीत पिल्लांबद्दल. बाजारात, जत्रेत हिरवी, गुलाबी, निळी पिल्लं टोपलीत विकायला येतात. पोरं हट्ट करतात. ती बहुतेक अंड्यांच्या जातीतली नर पिल्लं असतात. ती अंडी देणार नाहीत, मांसाच्या जातीसारखी भराभर वाढणारही नाहीत, म्हणून केंद्राला नकोशी झालेली. तीही एक दिवसाचीच. पण त्यांच्या डोक्यावर बल्ब नाही, कडं नाही, लस नाही. पोराच्या हातात दोन दिवसांत मान टाकतात. शब्द तोच, "एक दिवसाचं", पण एकाच्या मागे तयारी आहे आणि दुसऱ्याच्या मागे नुसता रंग.

आता वासराकडे येऊ. गाय-म्हैस व्याली की आपल्याकडे खरवसाची चर्चा आधी सुरू होते. खरवस आम्हालाही आवडतो, उगाच नाही कशाला म्हणा. पण चीक मुळात कुणासाठी आहे? माणसाच्या बाळाला आईच्या पोटात असतानाच नाळेतून रोगाशी लढण्याची थोडी ताकद मिळते. गाई-म्हशीच्या वासराला तशी मिळत नाही. ते त्या बाबतीत अगदी रिकाम्या हाताने जन्माला येतं. त्याची सगळी भिस्त चिकावर. आणि चिकातली ती ताकद आतड्यातून रक्तात शिरण्याचं दार फक्त पहिला एक दिवस उघडं असतं. पहिल्या काही तासांत ते सताड उघडं असतं, तासागणिक मिटत जातं, आणि चोवीस तासांच्या सुमाराला बंद होतं. दुसऱ्या दिवशी बादलीभर चीक पाजला तरी पोट भरेल, पण पहिल्या दिवसाचं काम होणार नाही.

आणि आपल्याकडे रीत काय? पुष्कळ गोठ्यांत म्हणतात, "वार पडू दे, मग वासराला पाजू." वार पडायला आठ-आठ, दहा-दहा तास लागतात. तेवढ्यात ते दार बरंच मिटलेलं असतं. पुढे महिन्याभरात वासरू हगवणीने गेलं की आपण म्हणतो, नजर लागली. मैत्रिणींनो, वारेची वाट बघू नका. वासरू पुसून कोरडं करा, नाळेला आयोडीन लावा, आणि अर्ध्या-एक तासात ते आचळाला लागेल असं बघा. उभं राहता येत नसेल तर धरून लावा. उलट वासरू चोखायला लागलं की वार पडायलाही मदतच होते. मोजमाप सोपं आहे. वासराच्या वजनाच्या दहावा हिस्सा चीक पहिल्या दिवसात त्याच्या पोटात जायला हवा. पंचवीस किलोचं वासरू असेल तर अडीच लिटर, तोही तीन-चार वेळा विभागून. त्याचं भागलं की उरलेल्याचा खरवस खुशाल करा, वेलची-जायफळ घालून करा.

हे सगळं वासराबद्दल बोलताना आमच्यातली एक म्हातारी मावशी म्हणाली, "वासराचं एवढं सांगता, मग पोरीच्या पोराचं का नाही सांगत?" बरोबर बोलली. बाळंतिणीचं पहिलं दूध घट्ट, पिवळसर असतं. "ते खराब असतं, पिळून टाक" असं अजूनही सांगितलं जातं. मग तीन दिवस बाळाला मध चाटव, गुळाचं पाणी दे, घुटी दे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी २०१९-२१ मध्ये झाली. तिच्यात दिसलं की आपल्या देशात जन्मल्यापासून एका तासाच्या आत आईचं दूध मिळालेली मुलं शंभरातली बेचाळीसच्या आसपास आहेत. म्हणजे निम्मीसुद्धा नाहीत. आणि आता किती तरी बाळंतपणं दवाखान्यात होतात बरं का. दवाखाना आहे, पण बाळाला आईजवळ द्यायला उशीर होतो, किंवा दारात मधाची बाटली घेऊन कुणीतरी उभं असतं.

एक दिवसाच्या बाळाचं पोट केवढं? छोट्या गोटीएवढं. त्याला दोन-चार चमचे दूध पुरतं, आणि आईला तेवढंच येतं. "हिला दूधच नाही" असं पहिल्या दिवशी कुणी म्हणू नये. आहे ते त्या बाळाच्या मापाचंच आहे. चोखल्याने ते वाढतं. मध तर वर्षाच्या आतल्या बाळाला देऊच नये, त्यातून बाळाला गंभीर विषबाधा होऊ शकते. सासूबाई असाल, आत्या असाल, आजी असाल, तर बाळंतिणीच्या खोलीत तुमचा शब्द चालतो. तो शब्द त्या पहिल्या तासासाठी खर्च करा.

आता शेतात जाऊ. आमच्या भागात आधी राब भाजतात, मग त्यावर भाताचं बी टाकतात. रोप तयार झालं की आवण काढून लावणी करतात. तुम्हाला ठाऊकच आहे की सकाळी काढलेलं आवण त्याच दिवशी लागलेलं चांगलं. एक दिवस मुठी तशाच बांधून पडल्या की आत ऊब धरते, पात पिवळी पडते, आणि लावल्यावर रोप मूळ धरायला वेळ घेतं. राहिलंच तर मुठी सैल करून, मुळं पाण्यात राहतील अशी सावलीत ठेवायची. पण कोकणात रहू पद्धतीने पेरतात तेव्हा तोच एक दिवस आपल्याला हवा असतो. बी दिवसभर पाण्यात भिजवायचं, मग गोणपाटात बांधून मोड आणायचे, आणि मोड आलेलं बी चिखलात फेकायचं. न भिजवता फेकलं तर पाखरांचं पोट भरेल. म्हणजे उपटलेल्या रोपाला जो दिवस मारक, तोच पेरायच्या बियाला तारक.

मासळीचंही तसंच आहे. आमच्याकडे पूर्वी खाडीवर भरती-ओहोटी बघून लोक जायचे. निवट्या, चिंबोऱ्या, कोलंबी, बोय, नशीब असेल तर जिताडा. खाडीचं पाणी आता बिघडलंय, तरी काही जण अजून जातात. ओहोटीला धरलेली मासळी दुपारच्या जेवणात असते. तिच्यासारखं ताजं दुसरं काही नाही. पण मोठ्या बाजारातल्या टोपलीवर जेव्हा "आजचा माल" असं ओरडतात, तेव्हा आज काय झालं ते बघा. आज मासा पाण्यातून निघाला, की आज बोट बंदराला लागली? मोठ्या बोटी समुद्रात आठ-आठ दिवस राहतात. बर्फात नीट ठेवलेला आठ दिवसांचा मासा चांगला असू शकतो, आणि उन्हात उघड्यावर पडलेला आजचा मासा दुपारीच वास मारतो. म्हणून आमच्या कोळणी तारीख विचारत नाहीत. कल्ला उचलून बघतात लाल आहे का, डोळा बघतात फुगीर आणि चकचकीत आहे का, बोटाने दाबून बघतात खड्डा भरून येतो का.

अंड्याचंही एक सांगून टाकतो. पाण्याच्या भांड्यात अंडं सोडा. तळाला आडवं पडलं तर ताजं. उभं राहिलं तर जुनं, लवकर खाऊन टाका. तरंगलं तर फेका. कोंबडीखाली बसवायची अंडी आठवड्याच्या आतलीच निवडा. पण उकडून सोलायचं असेल तर आजच्या अंड्याचं साल आतल्या पांढऱ्यासकट निघतं, चार दिवसांचं अंडं सुरेख सोलतं. ताजं ते सगळ्याच कामाला बरं असतं असं नाही.

आता येऊ स्वयंपाकघरात, शिळ्याकडे. आपल्या भाषेत यासाठी किती तरी शब्द आहेत बघा. शिळं, आंबूस, विटलेलं, उतरलेलं, नासलेलं. हे सगळे एक नव्हेत. शिळं म्हणजे कालचं, एवढंच. शिळं म्हणजे नासलेलं असं नाही. ज्वारी-बाजरीची शिळी भाकरी ताकात कुस्करून खाल्लेली माहेरी कुणाला आठवत नाही? पाव दुसऱ्या दिवशी कडक होतो तो नासलेला नसतो, तव्यावर गरम केला की पुन्हा मऊ होतो. फ्रीजमध्ये ठेवला तर मात्र उलट लवकर कडक होतो. नाचणीची आंबील, इडली-डोशाचं पीठ, दही, हे सगळं एका रात्रीच्या जोरावरच तर होतं. श्रावणात शुद्ध सप्तमीला शीतळा सप्तमी येते, त्या दिवशी चूल पेटवत नाहीत, आदल्या दिवशी केलेलं खातात. म्हणून तिला शिळासप्तमी म्हणतात. आपल्या आज्या-पणज्यांना कालचं अन्न खायचं कसं, हे माहीत होतं. पण कालचं कोणतं खायचं, हेही माहीत होतं.

मग भाताचं काय? भात जपून. तांदळात एक जंतू असतो, त्याचे बीजाणू भात उकळला तरी मरत नाहीत. भात शिजून कोमट झाला आणि तसाच झाकून ओट्यावर राहिला, की ते बीजाणू जागे होतात, वाढतात आणि विष सोडतात. ते विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. म्हणजे सकाळी कडकडीत फोडणी दिली म्हणून भात सुधारला असं होत नाही. उलट्या सुरू होतात आणि आपण म्हणतो "बाधलं". आमच्यासारख्या दमट हवेत, पत्र्याच्या खोलीत, हे लवकर होतं.

उपाय साधा आहे. जागतिक आरोग्य संघटना सांगते की शिजवलेलं अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये. फ्रीज असेल तर भात परातीत पसरून गार करा, आणि दोन तासांच्या आत डब्यात भरून आत ठेवा. उद्या एकदाच, वाफ निघेपर्यंत गरम करा. पुन्हा पुन्हा गरम-गार करू नका. फ्रीज नसेल तर रात्रीचा भात मोजून घाला. ओडिशात पखाळ करतात, बंगालात पांता भात करतात. त्यात भातावर पाणी घालून तो मुद्दाम आंबवतात. आंबटपणा वाढला की वाईट जंतूंना वाढायला अवघड जातं. पण कोरडा भात झाकून विसरणं म्हणजे आंबवणं नव्हे. लहान मूल, पोटुशी बाई आणि आजारी माणूस यांना तर बाहेर राहिलेला शिळा भात देऊच नका.

इथे आम्हाला एक प्रश्न विचारायचाय. रेडिओ जवळ करून ऐका. तुमच्या घरात शिळं कोण खातं?

आम्ही आमच्या बैठकीत हात वर करायला सांगितले. काल रात्रीचं उरलेलं आज सकाळी कुणी खाल्लं? जवळजवळ सगळे हात वर. घरातल्या पुरुषाने खाल्लं का? एकही हात नाही. मुलग्याने? नाही. "त्यांना चालत नाही," "तो तोंड वेडावतो," "टाकायचं कसं, अन्न आहे," अशी उत्तरं. अन्न टाकू नये हे आम्हालाही मान्य. शेत ज्यांनी केलंय त्यांना दाण्याची किंमत सांगायला नको. पण अन्न टाकायचं नाही हा नियम घराचा असेल, तर ते संपवायची पाळी एकटीची कशी? ताजी पोळी त्यांना, शिळी आपल्याला. मासळीचा तुकडा त्यांना, कालवण आपल्याला. राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी आढळलं. रक्त कमी व्हायला पुष्कळ कारणं आहेत. पण शेवटी जेवणं, उरलेलं जेवणं, आणि उरलं नाही तर चहावर भागवणं, हे त्यातलं एक आहे, हे आपल्याला कुणी पाहणी करून सांगायला नको.

म्हणून आमच्या गटात आम्ही दोन गोष्टी सुरू केल्यात. एक म्हणजे उरलेलं असेल ते सकाळी ताटात सगळ्यांना थोडं थोडं वाढायचं. फोडणीची पोळी केली तर सगळ्यांच्या बशीत. पहिल्या आठवड्यात कुरबुर झाली. एकीच्या सासूबाई म्हणाल्या, "कालची पोळी माझ्या लेकाला?" सून म्हणाली, "आई, चांगली आहे म्हणून तर तुम्हाला-मला चालते. मग त्यांना का नको? आणि वाईट असेल तर आपण तरी का खायची?" सासूबाई काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी पीठच थोडं कमी मळायला सांगितलं. बघा, वाटणी झाली की उरणंच कमी होतं.

दुसरी गोष्ट डब्याची. आमच्यातल्या ज्या डबे आणि फराळ विकतात त्या प्रत्येक डब्यावर चिकटपट्टी लावतात. तारीख तर लिहितातच, पण वेळही लिहितात. "सोमवार, सकाळी ११." कारण "आजचं" म्हटलं की पहाटे चारचंही आजचं आणि रात्री नऊचंही आजचं. सुटी मिठाई विकणाऱ्या दुकानांना १ ऑक्टोबर २०२० पासून ती कधीपर्यंत खावी हे लिहून ठेवायचा नियम झाला. आपण बचत गटवाल्या बाया गणपतीत मोदक, दिवाळीत करंज्या, बर्फ्या विकतो. नियम दुकानाला आहे म्हणून थांबू नका, आपणही लिहू या. उकडीचे मोदक त्याच दिवशी खायचे, खव्याची बर्फी फ्रीजमध्ये ठेवून दोन-तीन दिवसांत संपवायची, चकली डब्यात पंधरा दिवस. गिऱ्हाईक एकदा फसलं तर येत नाही, पण खरी वेळ लिहिलेली दिसली तर शेजारणीला घेऊन येतं.

तर मैत्रिणींनो, "एक दिवसाचं" हा शब्द पुन्हा कुठे ऐकलात तर तीन गोष्टी विचारा. दिवस कधीपासून मोजलाय? अंड्यातून निघाल्यापासून की पेटीत भरल्यापासून, पाण्यातून काढल्यापासून की टोपलीत आल्यापासून, शिजल्यापासून की गरम केल्यापासून? तो दिवस कसा गेला? उबेत की उन्हात, बर्फात की झाकणाखाली? आणि तिसरी गोष्ट, त्या दिवसाचं ओझं कुणावर पडलं? राखणीला बसलेल्या बाईवर, आचळाची वाट बघणाऱ्या वासरावर, की सगळ्यांत शेवटी जेवणाऱ्या सुनेवर?

पुढच्या बैठकीत तुमच्याही गटात हा हात वर करायचा प्रश्न विचारा. काय दिसलं ते आम्हाला लिहून कळवा. कोंबडीच्या पहिल्या रात्रीसाठी तुमच्याकडे काही वेगळी युक्ती असेल तर तीही कळवा, आम्ही ती इथे सगळ्यांना सांगू. आणि आज रात्री भात टाकताना माणसं मोजा, मुठी मोजा, स्वतःलाही मोजा.

राम राम.